शर्टाच्या पाठीवरचं रफू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा रफूकाम, राहणार दुकानाच्याच माडीवर, आज लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे, आणि हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. उलट लिहू नका म्हणणारेच जास्त निघाले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी सांगू लागल्यास, आणि तसे सांगणारा माझा धाकटा दीरच असणार, ते खोटे समजावे.

मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या फुप्फुसांबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, पण आवाजावरून मला काय ते कळलं. हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. ओळी तिरप्या गेल्या असतील तर नजर उतरली आहे म्हणून. मन ठिकाणावर आहे. वरच्या खोलीतले मास्तर सुवाच्य अक्षरात लिहून देतो म्हणाले होते. त्यांना नको का म्हटलं ते पुढे येईल. वकीलबाईंनी सांगितलेली भाषा इथे संपली. आता माझी.

मुळात माझ्यासारखीने मृत्युपत्र करावं एवढं माझ्याजवळ काही नाही. पण एक गोष्ट अशी आहे की मी गेले की तीही जाते. ती म्हणजे कोर्टातलं अपील. माझा मुलगा, त्याला सगळी गल्ली भिंगऱ्या म्हणायची कारण तो एका जागी बसायचा नाही, कापडबाजारामागच्या बोळात पोलिसांच्या गोळीने मेला. एकोणीस वर्षांचा होता. ते म्हणतात, तो चाकू घेऊन अंगावर धावून आला, म्हणून समोरून गोळी झाडली. मी म्हणते, तो पळत होता आणि गोळी पाठीत बसली. खालच्या कोर्टाने त्यांचं ऐकलं. वरच्या कोर्टातलं अपील माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी मेल्यावर ठरलेल्या मुदतीत वारसाने उभं राहून ‘आता हे मी चालवते’ असं म्हटलं नाही, तर फाइल बंद होते. आणि वारस एकच आहे, माझी थोरली लेक. ती म्हणाली आहे की आई, मला ते जमणार नाही.

ही अडचण आहे. बाकी सगळं किरकोळ आहे, पण आधी ते उरकते.

कलम एक. घर आणि दुकान.
खालचं दुकान, त्यावरची माझी खोली आणि मास्तर राहतात ती खोली थोरलीला द्यावी. दिराला एक वीटही नाही. त्याने भावाच्या आजारपणात फिरकून पाहिलं नाही, पण मुलगा गेला त्या आठवड्यात टीव्हीवाल्यांसमोर मात्र नवा सदरा घालून उभा राहिला आणि ‘आम्ही त्याला फार समजावलं होतं’ असं म्हणाला. काय समजावलं होतं? त्याला तर पुतण्याचं वय माहीत नव्हतं. त्या एका वाक्यावर दुसऱ्या बाजूच्या वकिलाने अर्धी उलटतपासणी चालवली.

मास्तरांना त्यांच्या खोलीतून ते असेपर्यंत कोणी हलवू नये. जिना मोडका आहे, तो थोरलीने दुरुस्त करून घ्यावा. तिसरी पायरी भिंगऱ्याने उड्या मारून खिळखिळी केलेली आहे. ती बदलली तरी हरकत नाही. मी इतकी वर्षं बदलू दिली नाही.

वकीलबाईंनी इथे एक अट घालायला सुचवलं होतं: थोरलीने अपील चालवलं तरच घर तिचं. कायद्यात बसतं म्हणाल्या. मी नाही म्हटलं. लेकीला देताना एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने गळा धरायचा, हे मला जमणार नाही. घर बिनशर्त तिचं आहे. तिने अपील चालवलं नाही तरी तिचं आहे. हे मी नीट विचार करून लिहिते आहे.

कलम दोन. बँकेतलं आणि डब्यातलं.
माझ्या मागचा खर्च भागवून उरेल ते नातीला. ती शिट्टी वाजवते. मुलीच्या जातीने शिट्टी वाजवू नये असं तिला शाळेत सांगतात म्हणे. वाजवू द्यावी. तिच्या मामाची शिट्टी बोळाच्या तोंडापासून ऐकू यायची, आणि मला कळायचं की आता हा येणार, काहीतरी खायला मागणार आणि सांगितलेलं काम केलेलं नसणार.

कलम तीन. हत्यारं.
सुया, लाकडी रिंग, भिंग, लहान कात्री आणि धाग्यांची पेटी थोरलीला. पेटीतले धागे रिळाचे नाहीत. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहिते. रफूला बाजारातला धागा चालत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून धागा उसवून काढायचा आणि त्यानेच भोक भरायचं, म्हणजे रंग आणि वय दोन्ही जुळतं. उभा आडवा, एक वर एक खाली, मूळ विणीसारखं. शेवटाला गाठ मारायची नाही. गाठ अंगाला टोचते आणि कापड आटलं की ओढ बसून फाटतं. टोकं उलट्या बाजूला मोकळी सोडायची. हे मला ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी शिकवलं आणि मी थोरलीला. दहाव्या वर्षी तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. नंतर तिने सुई सोडली. का सोडली ते कलम सातमध्ये आहे.

कलम चार आणि पाच. दोन्ही मास्तरांचीच.
मास्तरांनी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली. मुलगा गेला तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. आमच्या घरात कोणाला अर्जाची एक ओळ धड लिहिता येत नव्हती आणि दारात माणसं येऊन विचारत होती की तुमचं म्हणणं काय. मास्तर जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, मी लिहितो. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी अर्ज लिहिले, पत्रकं लिहिली, वर्तमानपत्रांना लेख लिहिले, सभेत मी वाचायची भाषणं लिहिली. एक छदाम घेतला नाही. मी त्यांची जन्माची ऋणी आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून त्यांना वाईट वाटणार आहे.

मास्तरांच्या पहिल्या पत्रकात माझा मुलगा ‘हुशार, होतकरू व मितभाषी’ होता. मी म्हटलं, मास्तर, मितभाषी? तो झोपेतसुद्धा बोलायचा. तो दोनदा नापास झालेला आहे. मास्तरांनी चष्मा काढला आणि मला समजावलं. लोक दुसऱ्याच्या चांगल्या मुलासाठी रडतात, वांड मुलासाठी कोणी सही देत नाही. आपल्याला सह्या हव्यात. सह्या हव्या होत्याच.

दुसऱ्या पत्रकात तो आईचं औषध आणायला निघाला होता. मला तेव्हा साधी सर्दीही नव्हती. तो औषध आणायला निघाला नव्हता. एका गिऱ्हाइकाची शाल पोचवायला सांगितली होती, ती खुर्चीवर टाकून तो मित्रांकडे निघाला होता आणि मी मागून ओरडले की निदान दार तरी लोटून घे. दार त्याने लोटलं नाही. ते दार मी संध्याकाळी बंद केलं. असा तो गेला. पण पत्रक सभेत वाचलं तेव्हा माणसं हुंदके देत होती, आणि खरं सांगते, मलाही रडू आलं. त्या औषध आणणाऱ्या मुलासाठी मीही रडले. घरी येऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले तेव्हा लक्षात आलं की मी भलत्याच पोरासाठी रडले.

दुसरीकडे पोलिसांची पत्रकं होती. त्यात तो सराईत होता. कारण काय, तर त्याने एकदा कोणाची तरी स्कूटर न विचारता फिरवून आणली होती आणि चौकीत दोन थपडा खाल्ल्या होत्या. म्हणूनच तो त्या दिवशी पोलिसांची गाडी बघून पळाला. एका बाजूला सराईत, दुसऱ्या बाजूला साधू. दोघांनी दोन हात धरून ओढला आणि माझा भिंगऱ्या मधल्यामध्ये हरवला.

मग कोर्टात जे व्हायचं ते झालं. समोरच्या वकिलाने पत्रक काढलं आणि मला विचारलं, कोणतं औषध? कोणत्या डॉक्टरचं? कोणत्या दुकानातून? मी उभी राहिले नुसती. ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, औषध खोटं, मग पाठ तरी खरी कशावरून? मास्तर मागच्या बाकावर होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आपलंच लिहिलेलं आपल्यावरच उलटलं.

तरी त्यांनी लिहिणं सोडलं नाही. दर वर्षी तो गेला त्या तारखेला नवं पत्रक. दर वर्षी नवी सुरुवात शोधायची, कारण मागच्या वर्षीच्या सुरुवातीने आता कोणी थांबत नाही. मास्तर म्हणायचे, बाई, यंदा कवितेने सुरू करू. यंदा आकडेवारीने सुरू करू. यंदा वाचकालाच विचारू, तुमचा मुलगा असता तर? पहिल्या वर्षी सभेला मैदान भरलं. मग शाळेचा हॉल. मग आमचं दुकान. गेल्या वर्षी मी, मास्तर, वकीलबाई आणि शेजारचा बटणवाला होतो, आणि बटणवाल्याला दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो मधूनच गेला. माझं दुःख काही कमी झालं नव्हतं. ते पहिल्या दिवशी होतं तेवढंच होतं, मैदानभर. ऐकणारे संपले.

एकदा त्यांनी ‘अपूरणीय हानी’ असं लिहिलं. मी अर्थ विचारला. कधीही भरून न येणारी, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, माझा जन्म भोकं भरण्यात गेला, मला तुम्ही हे वाचायला लावता? ते हसले, मीही हसले. तो शब्द त्यांनी खोडला नाही आणि मी तो सभेत वाचला. वाचताना अडखळले. लोकांना वाटलं, गहिवरले.

ह्यांच्याबद्दलही मास्तरांनी लिहिलं की पुत्रशोकाने झुरून गेले. ते सिगारेटने गेले. शोक होता, पण फुप्फुसं सिगारेटने गेली होती. आता माझ्याबद्दल काय लिहितील कोण जाणे. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या हाताने.

तर मास्तरांना देणं असं: खिडकीजवळची माझी कामाची खुर्ची, जिच्यावर उजेड चांगला येतो. आणि एक मागणी. मी गेल्यावर येणाऱ्या त्या तारखेला त्यांनी एक शेवटचं पत्रक लिहावं. त्यात एवढंच असावं की तो वांड होता, आळशी होता, न विचारता वस्तू घ्यायचा, शिट्टी वाजवायचा, दार उघडं टाकायचा, आणि त्याला पाठीत गोळी मारली. हे त्यांना तोंडी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, असलं पत्रक कोणी वाचणार नाही.”

मी म्हटलं, “नाही वाचलं तर नाही. पण मास्तर, चांगल्या मुलाला मारू नये हे तर पोलिसांनाही मान्य आहे. आपल्याला वांडासाठी भांडायचं होतं.”

त्या दिवशी ते जिना फार हळू चढले.

कलम सहा. एक कोट.
दुकानात मागच्या खुंटीला एक करडा गरम कोट आहे. तो माझा नाही. त्या दिवशी पोलिसांच्या गाडीत जो जाडा शिपाई होता, ज्याने कोर्टात ‘मला आठवत नाही’ असं सांगितलं, तो बऱ्याच वर्षांनी कोट घेऊन आला. खांद्याला कसर लागून भोक पडलं होतं. त्याने आधी कोट ठेवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. ओळख पटल्यावर पावतीही न घेता निघून गेला. त्याला रफूवाली दुसरी मिळाली असती, पण गावात हे काम करणारं दुसरं आहे कोण?

कोटाचं काम मी केलं आहे. आलेलं काम अडवायचं नाही असा ह्यांचा नियम होता. मी इथे लिहिणार होते की दोन माणसांसमोर तो खरं बोलला तरच कोट द्यावा. वकीलबाई म्हणाल्या, दुसऱ्याची वस्तू अशी अडवता येत नाही, काकू. मग अट काढली. आला तर देऊन टाकावा. फक्त त्याला एवढं म्हणावं की भोक कुठे होतं ते शोधून दाखव. त्याला सापडायचं नाही. पण ते होतं हे त्याला माहीत आहे. मग माझी आठवण सांगावी.

कलम सात. शर्ट.
निळ्या चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कोर्टातून परत आलेला, कपाटात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेला. तो थोरलीला.

हा शर्ट भिंगऱ्याचा नव्हता. मित्राचा होता, नेहमीप्रमाणे न विचारता घातलेला. शवागारातल्या माणसाने माझ्या हातात एक गाठोडं दिलं, त्यात होता. पोलिसांनी कागदावर लिहिलं होतं की कपडे रक्ताने खराब झाल्याने नष्ट केले. त्या बिचाऱ्या माणसाला ते कोणी सांगितलं नसावं.

घरात माणसं भरली होती. कोण रडत होतं, कोण फोन करत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की शर्ट दुसऱ्याचा आहे, आणि दुसऱ्याची वस्तू फाटकी परत करायची नाही. मी तो धुतला. पुन्हा धुतला. मग खिडकीत बसले, आतल्या शिवणीतून धागा काढला आणि पाठीवरचं भोक भरलं. चौकडी जुळवली. निळी रेघ निळ्या रेघेला मिळवली. असं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. थोरली समोर बसली होती, मला सुईत धागा ओवून देत होती. तिलाही काही सुचत नव्हतं. इस्त्री केली, घडी घातली आणि मित्राच्या दारात नेऊन दिला. त्या पोराने शर्ट बघितला आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्याने घेतला नाही. म्हणाला, काकू, हे काय केलंत.

त्याला कळलं. मला वकीलबाई आल्यावर कळलं. त्यांनी विचारलं, कपड्यांपैकी काही आहे का? मी मोठ्या तत्परतेने कपाटातून शर्ट काढून दिला. त्यांनी पाठ उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, भोक कुठे आहे? तेव्हा थोरलीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कोणत्याच पत्रकात वाचलेला नाही. त्यानंतर तिने सुई हातात घेतली नाही.

कोर्टाच्या तज्ज्ञाने भिंगाखाली पाहून लिहिलं: येथे दुरुस्ती केलेली आढळते, दुरुस्तीपूर्वी त्या जागी काय होते हे सांगता येत नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, मला सांगता येतं. मला बसवण्यात आलं.

आता नीट ऐकावं, कारण अपील एवढ्यावरच आहे. रफू करताना भोकाच्या जळलेल्या कडा कापून साफ करायच्या असतात. मी कापल्या नाहीत. कात्री उचलली आणि हात चालला नाही. त्या कडा मी आत दुमडून वर विणलं. म्हणजे त्या तिथेच आहेत, पाठीच्या कापडात, जशा होत्या तशा. गोळी ज्या बाजूने शिरते तिथेच कड अशी जळते, असं वकीलबाई सांगतात. आमची मागणी आहे की कोर्टासमोर, त्यांच्या तज्ज्ञासमोर रफू उसवू द्यावं. वकीलबाई म्हणतात, या वेळी परवानगी मिळायची आशा आहे. पण चिमटा लावून कोणी ओढलं तर जुनं सुती कापड आहे, कडा भुगा होऊन पडतील. धागा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे काढायला हवा. ते मला आता दिसत नाही. मागच्या महिन्यात एका रुमालावर करून पाहिलं, हात थरथरून रुमाल फाटला. त्या दिवशी माझ्यासमोर बसून धागे कसे गेले ते पाहिलेली आणि ते काढता येणारी अशी जगात एकच बाई उरली आहे.

थोरले, इथून पुढचं तुला. कायद्याच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे.

मास्तर तुला पटेल असं लिहून देतो म्हणत होते. आईचे अश्रू, बहिणीचं कर्तव्य, अशी त्यांची सुरुवातही तयार होती. मी ती ऐकली आणि मला वाटलं, हे ऐकून तू येशीलही. आणि मग आयुष्यभर तुला वाटत राहील की तुला कोणीतरी शब्दांनी ओढून नेलं. लोकांना असं ओढून आपण इतकी वर्षं पाहिलं. सही करून घरी गेले सगळे. म्हणून माझ्याच भाषेत सांगते.

तू म्हणालीस, “आई, मला घर नको, ती केसही नको. ते भोक मी बघू शकणार नाही.” मला राग आला नाही. मला तुझा मत्सर वाटला, कारण मी ते बघितलं आहे. धुताना त्यातून माझं बोट आरपार गेलं होतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझी मुलं लहान आहेत, तुझा नवरा भला माणूस आहे आणि त्याला कोर्टकचेरीची भीती वाटते. ती वाटणं शहाणपणाचं आहे. मी जे आयुष्य काढलं ते तुला देण्यासारखं नाही. दर तारखेला चांगली साडी नेसून जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. लोक हळूहळू रस्ता बदलतात. मला हे कोणाच्या पदरात टाकायचं नाही, आणि टाकायला तुझ्याशिवाय दुसरा पदर नाही. मी काय करू ते मला कळत नाही. खरंच कळत नाही. हे लिहिताना मी चारदा थांबले आहे.

तो चांगला मुलगा नव्हता. तुझ्या वह्या फाडायचा, तुझ्या लग्नात जेवून झोपला होता. त्याच्यावर कोणी पुस्तक लिहिणार नाही. पण तो समोरून धावून आला नव्हता, थोरले. तो पळाला होता. लहानपणी तुझी वही फाडून पळायचा तसाच, मागे न बघता. आता कागदावर कायमचं लिहिलेलं आहे की तो चाकू घेऊन माणसाच्या अंगावर गेला. मी मेले की ते तसंच राहणार. भोक मीच बुजवलं, इतकं चांगलं बुजवलं की जगाला दिसेना. ते उघडायला मी पुरी पडले नाही.

मी अट घालत नाही. मी तुझ्या पाया पडते. एकदाच ये. रिंग आणि बारीक सुई घेऊन ये. शर्ट उलटा कर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली बोट फिरव, जिथे बोटाला जरासा खरखरीतपणा लागेल तिथे टोकं मोकळी आहेत. बघायचं नसेल तर बघू नकोस, तुझ्या बोटांना येतं. एक धागा काढ, मग दुसरा. शेवटचा निघाला की तुझं काम संपलं, तू तोंड फिरव आणि घरी जा. पुढचं त्यांनी बघावं.

आणि नाही आलीस, तरी घर तुझंच आहे, पेटी तुझीच आहे. शर्ट तेव्हा त्याच्या मित्राला परत द्यावा. त्याचाच आहे.

गाठ मारलेली नाही, बाळ. ओढलंस तर सुटेल.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वकीलबाईंकडे सोपवलं आहे. त्या हो म्हणाल्या आहेत. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे मी अंगठाही उमटवला आहे, कारण सही आताशा दोनदा सारखी येत नाही.

ठिकाण: दुकान, खिडकीजवळ.
तारीख: तो गेला तीच.

सही: रफूवाली (भिंगऱ्याची आई)

साक्षीदार

आम्हां खाली सही करणाऱ्या दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. बाईंनी आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, सही केली. त्या सही करताना आम्ही दोघेही तिथे होतो आणि आम्ही सही केली तेव्हा त्या होत्या.

बटणवाल्याच्या आग्रहावरून आम्ही दोघे आणखी एक लिहितो. साक्षीदारांनी हे लिहायचं नसतं असं वकीलबाई म्हणाल्या, पण त्यांनी अडवलं नाही. निळ्या चौकड्यांचा शर्ट आम्ही दोघांनी हातात घेऊन पाहिला. भोक आम्हांला दिसलं नाही. डॉक्टरांनी चष्मा लावून पाहिलं, तरी दिसलं नाही. मग बाईंनी आमचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. तिथे होतं, असं आम्ही लिहून देतो.

सही: बटणवाला, शेजारचं दुकान
सही: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना